सोलापूरचं घर बंद करून जहाजावर राहायला जाताना

नोव्हेंबर २०२४ ते मार्च २०२५ आम्ही दोघं नवरा-बायको एका निवासी जहाजावर राहिलो. लिस्बनला चढलो, अटलांटिक ओलांडला, कॅरिबियन बेटं आणि पनामा कालवा करून मेक्सिकोच्या किनाऱ्याने वर सरकत सॅन डिएगोला उतरलो. परत आल्यापासून कुणी ना कुणी विचारतंच: किती लागले, व्हिसाचं काय केलंत, या वयात झेपलं कसं? प्रत्येकाला फोनवर थोडं थोडं सांगण्यापेक्षा क्रमाने लिहून ठेवते. आम्ही तयारीला लागलो तेव्हा मराठीत असं काहीच वाचायला मिळालं नव्हतं आणि फार चाचपडल्यासारखं झालं होतं.

आधी हे जहाज म्हणजे काय ते सांगते. नेहमीच्या क्रूझवर माणसं आठ-दहा दिवसांची सुट्टी काढून जातात. निवासी जहाजावर माणसं राहतात. केबिन विकत घेतात किंवा भाड्याने घेतात आणि जहाज जगभर फिरत राहतं. एकेका बंदरात दोन ते पाच दिवस मुक्काम असतो. ‘द वर्ल्ड’ नावाचं असं जहाज २००२ पासून फिरतंय. त्यावर १६५ घरं आहेत आणि जहाजाची मालकी रहिवाशांचीच आहे. ते कोट्यधीशांचं काम. पण अलीकडे जुनी, मध्यम आकाराची क्रूझ जहाजं घेऊन त्यावर टप्प्याटप्प्याने केबिन भाड्याने देणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत. आमचं त्यातलंच एक. आम्ही चार महिन्यांचा एक टप्पा घेतला. आपण टूरला जात नसून राहायला जातोय, हे एकदा मनात पक्कं झालं आणि तिथून पुढची सगळी तयारी त्याच हिशेबाने झाली. औषधं, पेन्शन, घरपट्टी, ओटीपी, मुलीशी बोलणं, सगळंच.

हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, मी शाळेत भूगोल शिकवत होते. विजापूर रोडला पूर्वी घेतलेला एक प्लॉट विकला, त्यातून हा खर्च उभा राहिला. पुण्याला असलेल्या मुलीला ही कल्पना अजिबात पटली नव्हती. “आई, तुम्हाला काही झालं तर मी समुद्रात कुठे येऊ?” असं तिने विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे विमा निवडताना, डॉक्टरांना भेटताना तिचाच प्रश्न समोर ठेवला.

भाड्याचा करारही तिने आणि तिच्या वकील मैत्रिणीने वाचला. हे तुम्हीही करा. २०२३ च्या शेवटी तीन वर्षांची एक मोठी सागरी सफर सुटण्याच्या तोंडावर रद्द झाली होती. २०२४ मध्ये एक निवासी जहाज दुरुस्तीसाठी चार महिने बेलफास्टला अडकून पडलं होतं. लोक घरदार आवरून आले होते आणि जहाज हलेना. त्यामुळे तीन गोष्टी लेखी मागून घेतल्या: जहाज सुटलंच नाही तर पैसे किती दिवसांत परत, उशीर झाला तर हॉटेलचा खर्च कुणाचा, आणि बंदरं बदलली तर आम्हाला माघार घेता येते का. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असं आलं. ते आधी कळलेलं बरं.

पासपोर्ट मे २०२३ मध्ये नवे काढले. सोलापुरात पोस्टातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे, पुण्याला जावं लागत नाही. ३६ पानी पासपोर्टला १,५०० रुपये, ६० पानीला २,०००. पाचशे जास्त गेले तरी ६० पानीच घ्या, कारण बंदरागणिक शिक्के पडू शकतात आणि व्हिसाची पानं वेगळी. माझ्या सेवापुस्तकात नाव एका पद्धतीने आणि आधारवर दुसऱ्या पद्धतीने होतं. आधारची दुरुस्ती आधी करून मगच अर्ज भरला, म्हणून पोलीस पडताळणीत काही अडलं नाही.

सगळ्यात जास्त वाट अमेरिकेच्या व्हिसाने पाहायला लावली. जुलै २०२३ मध्ये डीएस-१६० फॉर्म भरला, माणशी १८५ डॉलर भरले आणि मुंबईची तारीख मिळाली ती थेट पुढच्या वर्षीच्या ऑगस्टची. जहाजाने जायचं असेल आणि वाटेत अमेरिकेचं एकही बंदर असेल तर या व्हिसाला पर्याय नाही. म्हणून जहाज ठरवायच्या आधी तो अर्ज टाका. फॉर्ममध्ये अमेरिकेतला पत्ता विचारतात. आम्ही जहाज कंपनीकडून बंदरावरच्या एजंटचा पत्ता मागून तो लिहिला. बोटांचे ठसे आदल्या दिवशी वेगळ्या केंद्रावर, मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या (बीकेसी) अमेरिकन वकिलातीत. आत मोबाईल चालत नाही, तेव्हा बरोबर कुणी नसेल तर फोन मुक्कामीच ठेवून जा. आम्ही सिद्धेश्वर एक्स्प्रेसने गेलो आणि डोंबिवलीला नणंदेकडे उतरलो. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, जहाजच का, पैसे कुणाचे, सोलापुरात मागे कोण आहे. मी पेन्शनची ऑर्डर, घरपट्टीची पावती आणि प्लॉटच्या विक्रीचे कागद घेऊन गेले होते. कागद पाहिले नाहीत, पण हातात असले की बोलताना आवाज कापत नाही. दोघांनाही दहा वर्षांचा व्हिसा मिळाला.

शेंगेनसाठी, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. आम्ही सप्टेंबरात मुंबईला पोर्तुगालचा केला. जून २०२४ पासून फी ९० युरो आहे, वर केंद्राचं सेवाशुल्क. ‘हॉटेलचं बुकिंग कुठे आहे?’ हा प्रश्न तिथे आलाच. जहाज कंपनीचं पत्र, त्यावर दोघांची नावं, केबिन क्रमांक आणि बंदरांची तारीखवार यादी, एवढ्यावर काम झालं. लिस्बनच्या दोन रात्रींचं हॉटेल मात्र वेगळं दाखवलं. ‘मल्टिपल एंट्री’ मागा, कारण मदेरा आणि कॅनरी ही बेटं शेंगेनमध्येच असली तरी मध्ये जहाजाने मार्ग बदलला तर अडचण नको. पासपोर्ट सुमारे तीन आठवड्यांनी परत आले. बार्बाडोस, ग्रेनाडा, त्रिनिदाद, जमैका इथे आपल्याला व्हिसा लागत नाही, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

पैशांचा भाग नीट वाचा, कारण यात आमचे लाखभर रुपये अडकायचे किंवा वाचायचे होते. बिनखिडकीच्या केबिनचं दोघांचं मिळून चार महिन्यांचं भाडं, जेवणखाण धरून, साधारण १८ लाख रुपये झालं. थोडी रक्कम एप्रिल २०२४ मध्ये, बाकीची अमेरिकेचा व्हिसा हातात आल्यावर सप्टेंबरमध्ये पाठवली. परदेशी पैसे पाठवताना बँक ए-२ फॉर्म घेते आणि टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा आयकर, कापते. तेव्हा परदेश सहलीच्या पैशांवर ७ लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर २० टक्के असा दर होता. सगळे १८ लाख यांच्या एकट्याच्या खात्यातून गेले असते तर २ लाख ५५ हजार कापले गेले असते. आम्ही नऊ-नऊ लाख दोघांच्या वेगवेगळ्या खात्यांतून, आपापल्या पॅनवर पाठवले. प्रत्येकी ७५ हजार, म्हणजे एकूण दीड लाख कापले गेले. हे पैसे विवरणपत्र भरल्यावर परत मिळतात, पण तोवर बिनव्याजी अडकून राहतात. पुढच्या आर्थिक वर्षात, २०२५-२६ मध्ये, ७ लाखांची मर्यादा १० लाख झाली होती. हे नियम बदलत असतात, म्हणून पाठवायच्या आठवड्यात बँकेत दर पुन्हा विचारा.

पिवळ्या तापाची लस ऑक्टोबरात मुंबईच्या सरकारी केंद्रात घेतली, माणशी ३०० रुपये. दाखला दहा दिवसांनी लागू होतो आणि आयुष्यभर चालतो. साठीच्या पुढच्या माणसांना ही लस विचार करूनच देतात, म्हणून आमच्या डॉक्टरांचं पत्र नेलं होतं. त्याच डॉक्टरांनी जहाजाचा आरोग्याचा फॉर्म भरून दिला आणि गोळ्यांची चिठ्ठी औषधांच्या मूळ नावांनी लिहून दिली. ब्रँडचं नाव परदेशात कुणाला कळत नाही. पाच महिन्यांच्या गोळ्या हातातल्या बॅगेत घेतल्या. विम्याला दोघांचे मिळून ८० हजारांच्या आसपास गेले. त्यात एकच गोष्ट बारकाईने पाहिली: जहाजावरून उचलून जवळच्या मोठ्या रुग्णालयात नेण्याचा खर्च आहे का आणि किती. जहाजावर दवाखाना असतो, पण तो प्राथमिक उपचारांचा, आणि बिल वेगळं येतं. हा कागद मुलीला वाचून दाखवला, त्यानंतर ती जरा शांत झाली.

घर बंद करणं व्हिसापेक्षा वेळखाऊ निघालं. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं. त्या वेळी नळ चालू राहिला तर हौद भरून अंगणात तळं. वॉल्व्ह बंद केला आणि शेजारच्या पद्मशाली अक्कांकडे चावी दिली. “मैं देखती वदिना (वहिनी), तुम्ही निघा,” असं त्यांनी त्यांच्या तेलुगू-हिंदी-मराठी अशा तिपेडी भाषेत सांगितलं आणि चार महिने खरोखर रोज सकाळी दारात पाणी मारलं. घरपट्टी आगाऊ भरली, विजेचं बिल खात्यातून परस्पर जाईल असं केलं, मुलीच्या नावे मर्यादित मुखत्यारपत्र नोटरी करून ठेवलं. मृत्युपत्रही केलं. ते करताना हे बराच वेळ गप्प होते.

पेन्शनर असाल तर तारीख ठरवताना हयातीचा दाखला डोक्यात ठेवा. तो नोव्हेंबरात द्यायचा असतो. २०२४ मध्ये दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला आली, भाऊबीज रविवारी ३ तारखेला झाली. सोमवारी बँक उघडताच आम्ही दोघं दाखल्याच्या रांगेत होतो आणि मंगळवारी रात्री गाडीत. मागे राहून गेलं ते मतदान. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं आणि आम्ही तेव्हा मदेराच्या पुढे समुद्रात. त्याची रुखरुख अजून आहे.

लिस्बनला दोन रात्री आधी पोचलो. विमानाला उशीर झाला तरी जहाज चुकू नये म्हणून हे करायलाच हवं. जहाजावर चढताना पासपोर्ट काढून घेतात आणि एक कार्ड देतात. ते कार्ड म्हणजे चावी, ओळखपत्र आणि उधारीची वही. पासपोर्ट दुसऱ्याच्या हातात देताना मला धस्स झालं, पण सगळ्यांचेच तिथे जमा असतात, कारण बंदराचे अधिकारी जहाजावर येऊन एकदम तपासतात. रंगीत झेरॉक्स मात्र जवळ ठेवा. इस्त्री आणि पाण्याची किटली आगीच्या भीतीने केबिनमध्ये चालत नाही. सामान ठेवलं की आधी कवायत: सात छोटे भोंगे आणि एक लांब, मग आपल्या ठरलेल्या जागी जीवरक्षक जाकिटासह हजर व्हायचं.

केबिन दीडशे चौरस फुटांची. खिडकी नसल्यामुळे सकाळ झालेली कळत नाही. टीव्हीच्या एका वाहिनीवर जहाजाच्या नाकावरच्या कॅमेऱ्याचं चित्र सतत असतं, ते आवाज बंद करून रात्रभर चालू ठेवायला सुरुवात केली आणि झोप सुधारली. स्वस्तात राहायचं असेल तर खिडकी सोडा, पण केबिन खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यावर मागा, तिथे हेलकावे कमी. तरी पहिला आठवडा मला मळमळलं. आलं, कोरडी बिस्किटं, हिरवं सफरचंद आणि उघड्या डेकवर क्षितिजाकडे पाहत बसणं, यांनी हळूहळू उतार पडला.

कॅनरीतलं तेनेरीफ बेट सोडल्यावर बार्बाडोसपर्यंत आठवडाभर जमीन नाही. पश्चिमेकडे जात असल्याने वाटेत चार वेळा घड्याळ तासाने मागे करतात. रक्तदाबाची गोळी कधी घ्यायची असा घोळ होऊ नये म्हणून यांनी एक घड्याळ सोलापूरच्या वेळेवरच ठेवलं. जेवण पाश्चात्त्य, पण शाकाहारी मिळतं. आदल्या दिवशी सांगितलं तर डाळ-भातही करून देत, कारण स्वयंपाकघरात गोव्याची मुलं होती. आम्ही कडक भाकरी आणि शेंगा चटणी भरपूर नेली होती. दह्यात कडक भाकरी चुरायची, वर चटणी, चिमूटभर मीठ. पाहता पाहता टेबलावरचे लोक चव मागू लागले. इथे एक फार महत्त्वाचं: शेंगदाण्याची ॲलर्जी कितीतरी लोकांना असते आणि ती जिवावर बेतू शकते. स्पष्ट विचारल्याशिवाय कुणालाही चटणी देऊ नका. शिवाय खाद्यपदार्थ बंदरात उतरवायचे नाहीत, जहाजावरच ठेवायचे.

ओटीपीचं सांगते. खोल समुद्रात फोन फ्लाइट मोडवरच ठेवायचा, नाहीतर जहाजाच्या मोबाईल नेटवर्कचं बिल येतं. जहाजाच्या वायफायवर व्हॉट्सॲप चालतं, पण बँकेचा एसएमएस येत नाही. म्हणून भारतीय सिमवर रोमिंग सुरू ठेवलं आणि बँकेची सगळी कामं बंदरात उतरल्यावर केली. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे परदेशी व्यवहार सुरू करून घ्या.

बेटांबद्दल फार लिहीत नाही, सुंदर आहेत आणि महाग आहेत. त्रिनिदाद मात्र मनात राहिलं. १८४५ मध्ये ‘फातेल रझाक’ जहाजाने तिथे पहिले भारतीय मजूर नेले. त्यांच्या वंशजांच्या हातचं ‘डबल्स’, म्हणजे मऊ वड्यांमध्ये चण्याची उसळ, रस्त्यावर उभं राहून खाताना मी सोलापूरला आहे की कुठे, तेच कळेना. ते लोक आपल्यासारखेच जहाजातून आले, पण त्यांना परतीचं तिकीट कुठे माहीत होतं, हा विचार दिवसभर पाठ सोडत नव्हता.

जानेवारीत कोलंबियातल्या कार्ताहेनाला होतो तेव्हा सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरली होती. त्यातला अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वरांचं लग्न, दुपारी असतो. आमच्याकडे तेव्हा मध्यरात्रीनंतरची वेळ. अक्कांच्या मुलाने संमती कट्ट्याच्या गर्दीतून व्हिडिओ कॉल लावला. नंदीध्वज दिसले, ‘हर्र बोला’ ऐकू आलं आणि केबिनमध्ये आम्ही दोघांनी उभं राहून चार तांदूळ टाकले. घराची इतकी आठवण त्याआधी आली नव्हती.

त्यानंतर लगेच पनामा कालवा. वर्षानुवर्षं मी तो फळ्यावर काढला आणि यांनी आयुष्य उजनीच्या कालव्यांवर काढलं, त्यामुळे पहाटे चारलाच आम्ही डेकवर जाऊन उभे राहिलो. दोन माणसं एक छोटी होडी वल्हवत आली आणि आमच्या एवढ्या मोठ्या जहाजाचा दोर त्यांनी हाताने घेतला. १९१४ मध्ये सुरू झालेल्या कालव्यावर आजही पहिला दोर असाच जातो. मग दोन्ही काठांच्या रुळांवरची इंजिनं जहाजाला मधोमध धरून ठेवतात. गातून इथल्या तीन दारबंद कप्प्यांत पाणी भरत जातं आणि जहाज २६ मीटर वर चढतं. हे सारखं म्हणत होते, “एक पंप नाही, बघ. सगळं उतारावर.” खरंच, वरच्या गातून तलावाचं पाणी केवळ गुरुत्वाने खाली येतं. हा तलाव चाग्रेस नदीवर धरण बांधून केलेला, गोड्या पाण्याचा. त्याच पाण्यावर पनामाची शहरंही जगतात.

एक जहाज पार व्हायला सुमारे २० कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं. यांनी तिथेच वहीवर आकडा मांडला: दरडोई १३५ लिटर धरलं तर दहा लाखांच्या शहराला दिवसाला साडेतेरा कोटी लिटर पुरतं. आमच्या एका जहाजामागे त्याहून जास्त गेलं. २०२३ मध्ये तिथे पाऊस कमी झाला तेव्हा रोज जाणाऱ्या जहाजांची संख्या कमी करावी लागली होती. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी धरण मायनसमध्ये, म्हणजे उपयुक्त साठा संपून त्याच्याही खाली, गेलेलं आम्ही पाहून आलो होतो. आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवत होते, फोटो काढत होते. हे मात्र कप्प्याच्या दरवाजाच्या बिजागरीकडे पाहत म्हणाले, “पाऊस नाही आला तर हे सगळं थांबतं. तिकडेही तेच.” दुपारभर आम्ही त्यावरच बोललो. संध्याकाळी मिराफ्लोरेसचे कप्पे उतरून पॅसिफिकमध्ये आलो. नकाशात नीट पाहा, कालव्याचं पॅसिफिककडचं तोंड अटलांटिककडच्या तोंडाच्या पूर्वेला आहे. मुलांना हे सांगितलं की कुणाचा विश्वास बसत नसे.

मेक्सिकोचे आठवडे निवांत गेले. तोवर आम्ही जहाजावर पाहुणे राहिलो नव्हतो. कपडे धुवायचा वार ठरलेला, कॅप्टनबरोबर दर आठवड्याची रहिवाशांची बैठक, कुणाच्या गुडघ्याची चौकशी. आजारपणामुळे एक वृद्ध गृहस्थ मधल्याच बंदरात उतरून घरी गेले, त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर दोन दिवस कुणी बसलं नाही. मार्चमध्ये सॅन डिएगोला उतरून लॉस एंजेलिसहून मुंबईचं विमान पकडलं.

एकूण खर्च दोघांचा साडेतेवीस-चोवीस लाख झाला: भाडं, विमानं, विमा, व्हिसा आणि बंदरातला खर्च धरून. टीसीएस यात धरलेला नाही. त्यासाठी बँकेकडून फॉर्म २७डी, म्हणजे टीसीएस कापल्याचा दाखला, मागून घेतला, आयकर खात्याच्या २६एएस या नोंदीत दोघांच्या पॅनवर ७५-७५ हजार दिसतायत ना ते तपासलं आणि मगच जुलै २०२५ मध्ये विवरणपत्रं भरली. माझे पैसे महिन्याभरात आले, यांचे थोडे उशिरा.

पुढचा टप्पा मिळाला तर नोव्हेंबरभर समुद्रातच असू. म्हणून हयातीच्या दाखल्यासाठी केंद्र सरकारच्या ‘जीवन प्रमाण’ या सेवेची चेहरा ओळखण्याची सोय मोबाईलवर घालून ठेवली आहे. तुम्हीही निघण्याआधी घरीच, चांगल्या उजेडात ते ॲप बसवून पाहा. चष्मा काढावा लागला तर काढा, आणि आधारला जोडलेला नंबर रोमिंगवर चालू आहे ना, तेवढं बघा.